रेघ

हाळीच्या बाजारातून आजोबांनी देवणी जोडी आणली
तेव्हा बैलांमागं चालत आलं एक लेकरू.
ओढ्यापाशी हाकललं, वेशीपाशी हाकललं.
दारात बैलांच्या खुरांवर पाणी घातलं
त्यातलं थोडं त्याच्याही पायांवर पडलं.
जोडी विकणारा म्हणाला, माझं नाही.
हाळीचा म्हणून हाळप्पा.

पावतीवर बैल दोन, कासरा एक.
रेशनकार्डावर वय अंदाजे.
सातबाऱ्यावर नाहीच.
बापूंना विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं त्यानंच,
आणि माझी दहावीची फी म्हणजे त्याची काळी शेळी.

एका साली हेळवी आला.
सोप्यात पोथी सोडून आमच्या पिढ्या म्हणत गेला,
मेलेले सगळे घरात येऊन बसल्यागत.
आजोबा म्हणाले, हाळप्पालाही लिही.
लिहितो की अप्पा,
पण रेघ कुणापासून ओढू?

कुणी सुपारी कातरत राहिलं.
कुणाला एकाएकी वैरणीची आठवण झाली.
आत काशव्वा आत्या ज्वारी पाखडत होती,
नवव्या वर्षी नवरा गेलेली.
सूप न थांबवता म्हणाली,
माझ्यापासून ओढ.

गेल्या उन्हाळ्यात हेळव्याचा नातू आला, मोटरसायकलवर.
जुनी पोथी नव्या वहीत उतरवतोय म्हणे.
एका पानावर त्याचं बोट अडलं:
ही रेघ बाईपासून निघालीय,
वाकडी पण आहे, शाई दोनदा फिरवलेली.
आज्याची चूक असेल. सरळ करू का?

खाली हाळप्पा, त्याच्या खाली तीन मुली,
थोरलीचं नाव काशी.

मी त्याला चहा दिला.
म्हणालो, तशीच उतरव.