पोटखराब

अडावद सोडलं की डांबर संपतं,
मग दगा मिस्तरीची मोटरसायकल
नाल्यात, नाल्याबाहेर, पुन्हा नाल्यात.
मिस्तरी आता घरं बांधत नाही, जमिनी दाखवतो.
शेतकरी असल्याचा दाखला माझ्या खिशात आहे,
आईच्या वाट्याला आलेल्या सहा गुंठ्यांचा.
भुसावळच्या लोकोशेडमधून बाहेर पडताना मिळालेले पैसे,
त्यातून मुलीचं लग्न वजा जाता उरलेली रक्कम
मी त्याला सांगितलेली नाही.

पहिला तुकडा केळीचा. पाणी, पाईपलाईन, वीज.
भाव ऐकून मी नुसती चप्पल झटकतो.
दुसरा नव्या शर्तीचा. तिसऱ्यावर बहिणींची सही नाही.
चौथा खुमसिंग पावराच्या नावचा, तो घेताच येत नाही,
तरी दगा म्हणतो, "करू काहीतरी."
मी म्हणतो, नको.
पाचवा मात्र सातपुड्याला पाठ टेकून बसलेला,
दोन एकर बरड, त्यात पंधरा गुंठे पोटखराब,
अंजनाची चार झाडं, वनखात्याचा पांढरा दगड,
आणि मातीत, तुरीच्या खुंटांमधून,
बदामाच्या दोन फाका शेजारी ठेवाव्यात तसे
खूर.

दगा बोलता बोलता त्यांच्यावर उभा राहतो.
"आठे एक बी हरीन येत नहीं. मायनी आन."
पुढे सरकतो, पुढच्या खुरांवर उभा राहतो.
अशी पंचवीस पावलं आम्ही चालतो,
तो पुसत, मी मोजत.

वडील मोजायचे नाहीत.
कायदा यायच्या आधीची गोष्ट, मी सात वर्षांचा.
ठासणीची बंदूक त्यांच्याकडे, तीन सेलांची बॅटरी माझ्याकडे.
उजेड जनावराच्या डोळ्यांत धरायचा, हलवायचा नाही.
हात हलला की जनावर गेलं,
जनावर गेलं की घर येईपर्यंत वडील बोलायचे नाहीत.
माझा हात एकदाच हलला.
बाकीच्या रात्री तो इतका स्थिर होता
की पुढे लोकोशेडात साहेब त्याचं कौतुक करायचे.
नऊ घरांत वाटे पडत. खोटं कशाला सांगू,
चव आठवते.
बंदूक नंतर ठाण्यात जमा झाली,
तिची पावती वडील गेल्यावर त्यांच्या टोपीत सापडली.

"हरणं येतात म्हणूनच हवीय," मी दगाला सांगतो.
तो माझ्या हातांकडे बघतो.
"शिकार? नका हो दादा, जामीन बी भेटत नहीं."
"शिकार नाही."
"मग काय पेरशात?"
"काही नाही."
"मग?"
या "मग"ला माझ्याकडे उत्तर नाही,
घरी बायकोलाही देता आलेलं नाही.
तो बिडी अर्धी ओढतो, विझवतो, कानावर ठेवतो.
"पन्नास शेतस," म्हणतो. "पन्नास. रोज दिवसबुडता येतस.
एक तर काळंभोर, शिंगं हातभर."
आणि एकरी चाळीस हजार वाढतात.

मालक वस्तीवर आहे, त्याला आणायला तो जातो.
ऊन अंजनांवरून उतरतं, मग डोंगरावरून.
मी पोटखराबात बसून राहतो.
इथलं काही कुणाच्या कामाचं नाही,
सरकारसुद्धा यावर सारा मागत नाही.
बॅटरी मी आणलीय. का आणली, विचारू नका.
बांध दिसेनासा झाल्यावर बटण दाबतो.

आधी नुसते खुंट.
मग दोन डोळे. मग बाजूला, जरा खाली,
आणखी दोन, लहान.
ते थांबतात. उजेडात ते थांबतातच,
तेवढाच त्यांचा दोष.
बासष्टाव्या वर्षी मी मुद्दाम
हात हलवतो.

खुंटांत सरसर होते, मग होत नाही.
दूर मोटरसायकलचा दिवा नाल्यात बुडतो, वर येतो.
मागे मुकाट मालक, पुढे दगा,
गाडी थांबायच्या आधीच ओरडतो,
"दादा, कितला दिसनात? त्यावर भाव धरूत!"

एकही नाही, मी म्हणतो,
आणि दोन पावलं सरकून
उभा राहतो.