सरावाचा रुग्ण

चॅपलच्या मागच्या खोलीत, जिथे रविवारी मुलं स्तोत्रं घोकतात,
मी नऊ लॅपटॉप मांडले,
नऊ पासवर्ड, नऊ चिठ्ठ्यांवर.
बाहेर धुकं, मेंढ्या,
आणि चिखलाने माखलेल्या नऊ छोट्या गाड्या.

वेल्सच्या या डोंगरांतल्या फिरत्या परिचारिका.
जखमा धुतात, पाय बांधतात, इन्सुलिन टोचतात,
जाता जाता कुणाच्या कोंबड्यांना दाणे टाकतात.
'हे शेवटचं कुठल्या रकान्यात?' मेलेरीने विचारलं.
सगळ्या हसल्या. मी नाही हसलो.
मला खरंच माहीत नव्हतं.

शिकण्यासाठी एक रुग्ण दिलेला असतो.
नाव टेस्ट, आडनाव टेस्ट,
जन्म एक जानेवारी एकोणीसशे.
त्याला मधुमेह आहे, कारण मधुमेह शिकवायचा असतो.
पायाला व्रण, कारण व्रण मोजायचा असतो.
दहा वर्षं मी त्याला गावोगाव हिंडवतोय,
कधी कीव आली नाही.

एलुनेद पुढच्या खुर्चीत. निवृत्तीला चौदा महिने.
माउस असा धरते, जणू नाडी बघतेय.
'एकटाच राहतो का हा?'
कोण?
'हाच. टेस्ट.'
मी म्हटलं, तो रकाना ऐच्छिक आहे,
सोडला तरी चालतं.
'चालतं? सव्वाशे वर्षांचा माणूस, पायाला व्रण,
आणि त्याच्या चुलीत कोळसा कोण घालतं
हे सोडलं तरी चालतं?'

मग कसं सुरू झालं, सांगता येत नाही.
कुणी त्याला चौदा पायऱ्यांचा जिना दिला, तिसरी पायरी हलणारी.
नेस्टाने एक बहिरा कुत्रा.
ब्रॅन्वेन म्हणाली, ताप चढला की हा इंग्रजी विसरतो,
आणि भाषेचा रकाना तिचा तिने शोधून काढला,
जो मला आजवर कुणाच्या गळी उतरवता आला नव्हता.
किल्ली फुटक्या कुंडीखाली.
कप पालथा दिसला, तर समजावं गोळी घेतलेली नाही.
चहा निवून गेला.

ॲलर्जीच्या रकान्याशी मात्र एलुनेद थांबली.
तिच्याकडे तेवीस वर्षांच्या वह्या आहेत, रबरबँड लावलेल्या.
फेब्रुवारीत वरच्या शेतावरचा हॅवेल प्रॉथेरो,
रात्री तीन, अनोळखी डॉक्टर.
पेनिसिलिन चालत नाही, हे वहीत होतं.
वही गाडीत. गाडी गॅरेजात. ती रजेवर.
'वाचला,' ती म्हणाली,
'पण त्यात वहीचं काही नाही.'
आणि एका बोटाने, एकेक अक्षर टिपत,
पे, नि, सि, लि, न.
पडद्याच्या माथ्यावर लाल पट्टी उमटली.
'हे कुणालाही दिसतं?'
कुणालाही.
'रात्री तीनला?'
तीनलाही.
ती पट्टीकडे बघत राहिली. किटली उगाच शिट्टी घालत होती.

निघताना तिने पुढची भेट नोंदवली: गुरुवार, सकाळी दहा.
मी सांगायला हवं होतं
की सरावाचं सगळं रात्री बाराला पुसलं जातं,
जिना, कुत्रा, कुंडी, कप,
आणि सकाळी तो पुन्हा कोरा होऊन बसतो,
व्रण तेवढा जिथल्या तिथे.
नाही सांगितलं.

तिनेच वाचलं असणार. चिठ्ठीच्या तळाशी
बारीक अक्षरांत छापलेलं असतं,
जे कुणीच वाचत नाही.

पावणेबाराला, लॉजच्या गार खोलीत,
मी सहज त्याची नोंद उघडली.
कुणीतरी आधीच आत होतं. एलुनेद, घरून.
कर्सर लुकलुकत होता, एका बोटाच्या गतीने.
व्रण, दुपारी: चार सेंटिमीटर.
तिने ते खोडलं.
तीन पूर्णांक पाच, भरलं.
कडा गुलाबी. वास नाही. रुग्ण झोपला आहे.
जतन करा.