उलट्या बाजूने

पुस्तक एकच होतं आणि टेबलाला बाजू चार.
कुताईसीत त्या हिवाळ्यांत वीज
आगंतुक पाहुण्यासारखी यायची
आणि चहा व्हायच्या आत निघून जायची.
कारखाना बंद पडला त्या दिवशी
वडिलांनी तिथल्या वाचनालयातून ते आणलं,
पगाराऐवजी, असं आई म्हणायची;
हसून म्हणायची की रागाने, आठवत नाही.

मुखपृष्ठ नव्हतं, म्हणून नावही नव्हतं.
आम्ही त्याला नुसतं ‘पाणमांजर’ म्हणायचो.
नदीचा उगम शोधायला निघालं होतं ते,
पाठीवर कढई बांधून.
कढई कशाला, यावरून गोचा आणि मझिया
दोन दिवस एकमेकांशी बोलले नव्हते.

सुलट बाजूला नानुली, थोरली, वाचणारी.
पुस्तकाला हात फक्त तिने लावायचा.
डावीकडे गोचा, उजवीकडे मझिया,
आणि समोर मी. शेंडेफळाच्या वाट्याला उलटी बाजू.
माझं पाणमांजर आभाळात पोहायचं,
नदी त्याच्या डोक्यावरून वाहायची,
पाऊस खालून वर पडायचा.
गोचाचं कडा चढत होतं, मझियाचं कोसळत होतं.

त्याच टेबलावर गोचा धडे घोकायचा,
तिथेच मी अक्षरं उचलली,
तेहेतीसच्या तेहेतीस, डोक्यावर उभी.
शाळेत पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, पुस्तक सरळ धर.
सरळ धरलं, तर एक अक्षर लागेना.
वर्ग हसला. मधल्या सुट्टीत
गोचाने दोघांची नाकं फोडली
आणि घरी येऊन माझ्यावरच खेकसला.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही.
नानुली वाचायची ते, आणि मला दिसायचं ते,
जुळायचं नाही.
ती वाचायची: पाणमांजराला एक म्हातारी भेटली,
तिने गरम मक्याची भाकरी दिली, वर चीज.
मला दिसायचं: धुकं. दगड. पुन्हा धुकं.
वाटायचं, असंच असणार.
सुलट बाजूला भाकरी असेल,
समोर बसणाऱ्याला धुकंच मिळत असेल.

परवा, घर विकायच्या आधी, ते सापडलं,
लोणच्याच्या बरण्यांमागे, निळ्या लोकरीने बांधलेलं.
बसलो तिघं, न ठरवता, आपापल्या जागी.
सुलट बाजूला मझियाने फोन उभा केला
साखरेच्या डब्याला टेकवून.
फोनमध्ये नानुली, इटलीत,
दुसऱ्याच कुणाच्या आईला नुकतंच सूप भरवून आलेली,
नाकावर जाड भिंगांचा चष्मा.

“तू वाच,” गोचा म्हणाला. वाचलं.
धुकं. दगड. पुन्हा धुकं.
“आणि भाकरी?”
गोचाने पुस्तक ओढून घेतलं,
मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.
पाठीवरसुद्धा ढाल होती. कढई नव्हतीच.

फोन बराच वेळ गप्प. वाटलं, रेंज गेली.
मग नानुली म्हणाली,
“मला दिसायचंच नाही रे.
दिव्यात नाही, दिवसाही नाही.
सांगितलं असतं तर चष्मा करावा लागला असता,
आणि आईने शिवणयंत्र त्याच महिन्यात विकलं होतं.
चित्रातले रंग तेवढे कळायचे.
बाकी… भूक लागलेली असायची ना,
म्हणून दर पानावर काहीतरी शिजवत गेले.”

गोचा उठला, खिडकी लावून आला.
खिडकी लावलेलीच होती.
मझिया टेबलावरचा मेणाचा जुना डाग
नखाने खरवडत राहिली.

मी पुस्तक फिरवलं,
उलटं, माझ्या सवयीचं केलं,
आणि समोरच्या धुक्याकडे बघत वाचायला लागले:
“मग पाणमांजराने कढई उतरवली,
चुलीवर ठेवली, कांदा टाकला…”

“आधी तेल,” फोनमधून नानुली म्हणाली.