हत्ती नंबर सदतीस

फ्लेक्स आल्यापासून माझे ब्रश
पापाच्या तिकटीजवळच्या खोलीत वाळत पडलेले.
चाळीस वर्षं या गावाच्या दुकानांची नावं रंगवली,
तालमींच्या भिंतींवर पैलवान काढले.
आता म्युनिसिपालटीच्या शाळेत, फक्त शनिवारी,
कंत्राटी चित्रकला.

फळ्यावर लिहिलं: आपला वारसा.
एका पोरानं जांभई दिली, ती बाकाबाकावरून फिरली.
शिलाहार लिहिलं, बारावं शतक लिहिलं.
मागं तहसीन जमादार वहीच्या शेवटच्या पानावर
चौकटी आखत होती :
एक मास्तर, एक खडू, एक धप्प.
मी वही ओढून घेतली, ओरडायला तोंड उघडलं
आणि पान उलटलं.

मग खिद्रापूर. कुरुंदवाडला गाडी बदलून.
देवळाच्या पायाशी हत्तींची रांग,
अख्खं देऊळ पाठीवर घेतलेली.
बहुतेकांना सोंडच नाही.
"सर, ही तर कॉमिकच हाय की," तहसीन म्हणाली,
"पानं उलटायची न्हाईत, आपणच फिरायचं."
राखणदार आदगोंडा म्हणाला, हात लावू नका.
पोरांनी नाही लावला. मी लावला.
खरं सांगतो, मीही पहिल्यांदाच आलो होतो.

"कुणी फोडल्या ओ सर?" भोपळ्यांच्या धैर्यशीलनं विचारलं
आणि विचारताना त्याची नजर
उगाच तहसीनकडं गेली.
बाकीच्यांचीही गेली.
ती पेन्सिलीला टोक करत होती. करतच राहिली.
मला उत्तर सुचलं नाही.
एवढी अक्षरं काढलेला माणूस मी.

अंक पहिला. झेरॉक्स, आठ पानं, दोन पिना, पाच रुपये.
हत्ती नंबर सदतीस रात्री रांगेतून निघतो
सोंड शोधायला.
वाडीला बासुंदी दिसते, पिणार कशानं?
रंकाळ्यावर भेळवाला विचारतो,
भावा, तिखट का मध्यम?
टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये
हात तुटलेल्या मूर्ती
काही न विचारता सरकून जागा करतात.
सातव्या पानावर हातोडा असेल असं मला वाटलेलं.
तिथं दोनच चौकटी : एकीत सोंड आहे,
दुसरीत नाही.
मध्ये पांढरी फट, बोटभर रुंद.
धैर्यशीलनं त्या फटीवरून बोट फिरवलं,
बराच वेळ,
मग म्हणाला, रंग मी भरतो.
पहाटे हत्ती परत येतो पळत पळत,
कारण तेवढ्यात देऊळ सुतभर कललेलं असतं.

परवा आदगोंडाचा फोन :
"मास्तर, पोरंटोरं येऊन विचारत्यात,
सदतीसावा कुठला?
मोजायचं कुठनं ते तुम्ही लिवलं न्हाई.
मी आपला एक दाखवून दिलाय,
कोपऱ्यातला, जरा दमल्यासारखा दिसतोय."