तीन पूर्णांक चार सेकंद

गाडी बोटीतून आली, सात दिवसांसाठी,
सोबत कंपनीचं पत्र : शून्य ते शंभर,
तीन पूर्णांक चार सेकंदांत.
आमच्या फॅरो बेटांवर शंभरला परवानगीच नाही.
ऐंशी. समुद्राखालच्या बोगद्यातसुद्धा ऐंशी.
म्हणजे वरच्या वीस आकड्यांचं परीक्षण
मला मनातल्या मनातच करावं लागणार.

संपादक म्हणाला, रानवा, शर्यतवाल्यांसाठी लिहू नकोस.
मुलं शाळेत सोडणाऱ्यांसाठी लिही,
मासळीच्या कारखान्यात पहाटे पाचला हजेरी लावणाऱ्यांसाठी.
बरं.

सोमवारी दार उघडलं,
तर वाऱ्याने ते हातातून हिसकावूनच घेतलं.
बिजागरी टिकली. वहीत लिहिलं : बिजागरी उत्तम.
मोठ्या देशांतले परीक्षक हे तपासत नाहीत.
डिकीत मावलं ते असं :
बटाट्यांची दोन पोती, धाकट्याचे चिखलाचे बूट,
काकाने दिलेली वाळवलेल्या मेंढीची तंगडी.
वास तीन दिवस हलला नाही.
हा दोष गाडीचा धरलेला नाही.

मंगळवारी वळणावर मेंढ्या बसलेल्या.
डिझेलची घरघर त्यांच्या सात पिढ्यांना पाठ,
पण हिच्याकडे एकीनेही मान वळवली नाही.
काच खाली करून मी ओरडले,
हो हो हो, आजोबा ओरडायचे तशी.
पाचशे घोड्यांची ताकद,
आणि कामाला आला माझा घसा.

बुधवारी थंडी. पत्रातले चारशे ऐंशी किलोमीटर
तीनशे चाळीसवर आले.
घाबरू नका, इतका रस्ता आपल्याकडे आहे कुठे?

गुरुवारी बाबांना तोर्सहाव्नच्या इस्पितळात न्यायचं होतं.
एकतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस,
डावा कान तिथेच ठेवून आलेला.
पट्टा लावून म्हणाले, कर सुरू.
सुरूच आहे, बाबा.
त्यांनी डॅशबोर्डवर तळवा टेकला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकावा तसा.
म्हणाले, ही मेलेली आहे.

बोगद्यात शिरलो.
रेडिओ बंद, पंखा बंद, रस्ता कोरा,
आणि मला एक बारीक शीळ ऐकू आली.
आधी वाटलं, दाराचं रबर.
कंपनीवर एक कडक वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.
मग लक्षात आलं, ती थांबते, आणि परत येते,
बाबांच्या प्रत्येक श्वासाच्या शेवटाला.

कधीपासून?
ते समोर बघत म्हणाले, व्हॉल्व्ह आहे, जुना झाला.
तुला आज ऐकू आला होय?

मी पन्नासवर आले. मागून कुणीतरी दिवे मारले.
माझ्या घरी भांडी वाजतात, मुलं वाजतात,
माझी गाडी तर मिक्सरच आहे.
परतताना, तळ्याकाठच्या सरळ पट्ट्यावर,
बाबाच म्हणाले, ते तीन सेकंद दाखव की.
मी पाय दाबला.
पोट मागे, बसथांब्यापाशीच राहिलं,
ऐंशी कधी आलं कळलं नाही,
आणि तेवढा वेळ शीळही नव्हती.
मी पाय काढून घेतला. कान लावून बसले.
मग ते हसले, खोकले, आणि ती पुन्हा सुरू झाली.

शनिवारी संपादकाचा फोन :
आतल्या आवाजाचा रकाना रिकामा कसा?
मी सांगितलं, लिही,
फार शांत. विकत घेण्याआधी
घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून
एकदा चालवून पाहा.
पाचातले चार तारे.
एक का कापला, ते त्याने विचारलं नाही.

रविवारी गाडी बोटीवर चढली, मेंढीच्या वासासकट.

पुढच्या गुरुवारी माझ्याच जुन्या डिझेलमध्ये
इस्पितळाच्या उतारावर मी इंजिन बंद केलं,
नुसती घरंगळू दिली गाडी.
बाबा म्हणाले, ब्रेक जातील ना, वेडे.