नावं नसलेले पियानो

म्हातारा दुकानात शिरला तेव्हा त्याच्यामागून
नदीवरचा वाराही आत आला, पावत्या उडाल्या.
एलादियो बेन्तांकोर. मोन्तेविदेओतले पियानो
चव्वेचाळीस वर्षं सुरात लावणारा.
खिशातून रुमाल, रुमालातून पेन ड्राइव्ह.
"नातवानं जुन्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क
एका फाईलीत कोंबून ठेवली होती.
आता कॉम्प्युटर म्हणतो, मी हिला ओळखत नाही.
माझ्या सगळ्या नोंदी तिच्यात आहेत, पोरी."

फाईल ऐंशी जीबीची. शेपूट तुटलेलं, मधे भोकं.
आमच्या धंद्याचा नियम मी भिंतीवरच लिहून ठेवलाय:
आधी नक्कल, मग अक्कल.
मूळ ड्रॉवरमध्ये बंद केलं
आणि नकलेच्या अंगाला हात लावला.

पहिलीच पानं कोरी. म्हणजे पुस्तक होतं,
अनुक्रमणिका फाटली होती.
तिची एक प्रत पुढे कुठेतरी ठेवलेली असते,
शेजारणीकडे ठेवलेल्या किल्लीसारखी.
बत्तीस हजार सातशे अडुसष्टाव्या ब्लॉकचं दार वाजवलं.
शेजारीणही घर सोडून गेलेली.

मग उरलं शितावरून भात ओळखणं.
प्रत्येक जातीची फाईल जन्मखूण घेऊन येते,
ती शोधत एकेका सेक्टरला विचारायचं:
तू कशाची सुरुवात आहेस का?
बहुतेक म्हणतात, नाही.
काही नुसती शून्यं,
रुमाल टाकून धरलेल्या खुर्च्यांसारखी,
ज्यांचे मालक नाटक संपलं तरी येत नाहीत.

तीन रात्री, येर्बाच्या कडू पाण्यावर.
चौथ्या सकाळी एक हजार नऊशे बारा तुकडे,
सगळ्यांची नावं गेलेली,
कैद्यांसारखे नुसते नंबर.

"मजकूर आहे," मी त्याला म्हटलं,
"पण कुठला कुणाचा, ते सांगता येणार नाही."
त्यानं खुर्ची ओढली. "वाच."

*ला-ची तिसरी तार दमट हवेत उतरते.
डावं पेडल करकरतं. खाली मांजर झोपतं, उठवू नये.*
"इरिगोयती बाई. दुरास्नो रस्ता, दुसरा मजला."
*वाळवी. मालकाला सांगितलं नाही. पैसे घेतले नाहीत.*
तो जरा थांबला. "सेर्रोची शाळा."
*फा-कडे दुर्लक्ष करावं. ती तसाच वाजवते.*
तो हसला. नाव सांगितलं नाही.
मी नावाच्या जागी टाईप केलं: हसला.

दुपारपर्यंत असंच.
फाटलेली अनुक्रमणिका माझ्यासमोर बसून
बिस्किटं खात होती, मांडीवर चुरा सांडत होती.

चारशे सातव्या तुकड्याला म्हणाला,
"हा सुलेमा पिरिसचा. अक्रोडी रंग, खिडकीबाहेर बाग."
त्या तुकड्याच्या आत एक फोटो निघाला होता:
पियानो काळा कुळकुळीत,
खिडकीबाहेर बंदराच्या क्रेन.
मी स्क्रीन किंचित माझ्याकडे वळवला.

डिस्कला वाचता आलं नाही की ती अडते,
खरडते, त्याच जागी पुन्हा पुन्हा येते,
सगळ्या दुकानाला ऐकू जातं.
माणूस अडत नाही.
तो भोकावरूनही सलग वाचत जातो,
अन् आवाज जराही बदलत नाही.

मी लिहिलं: सुलेमा पिरिस.
पुढे एक प्रश्नचिन्ह, लहान अक्षरात.

पैसे मोजले, ड्राइव्ह रुमालात गुंडाळला.
दाराशी पोचून परत आला,
कोटातून सूर-चिमटा काढून काउंटरवर टेकवला,
कान माझ्या मशीनकडे.
"तुझा पंखा," म्हणाला, "पाव सूर उतरलाय."

तेल घालायला हवं होतं खरं.
अजून घातलेलं नाही.