जुनी ओळख

रिपोर्ट कणकवलीहून चार दिवसांनी आला,
तोवर पिवळी गेली होती.
सासूने तिला काजूच्या गोणत्यात घातलं,
बाबल्याच्या होडीतून खाडीपलीकडे.
"आधी पोटातलां बघ," म्हणाली, "मगे मांजराचां."
मी गप्प. एक मूल आधी गेलेलं माझं,
तेव्हापासून या घरात बोलायची पाळी माझी नसते.

चार दिवस हात धूत राहिले.
तुळशीची माती उकरली नाही,
वाळवणाकडे फिरकले नाही, जिथे पिवळी
बांगड्यांची राखण म्हणून बसायची
आणि बांगडेच खायची.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.
एक आकडा वाढलेला, दुसरा नाही.
"जुनं आहे. लहानपणी कधीतरी झालं असेल,
साधा ताप समजून विसरलात.
आता ते झोपलंय. या बाळाला भीती नाही.
मागचंही याने गेलं नसावं.
मांजर होतं का माहेरी?"

नव्हतं. आईला शिंका यायच्या.

डुक्कर होता. एकदाच, माघात.
बाबा आणि सुतारवाडीतले चौघे
रात्रभर काजीत दबा धरून पहाटे उतरले,
वाशाला तो उलटा, पायांना काथ्या.
वाटे पडायच्या आत बाबांनी
निखाऱ्यावर एक तुकडा धरला,
बाहेरून काळा, आत लाल,
आणि म्हणाले, आईला सांगू नको.
मी सात वर्षांची.
मिठाचा खडा दाताखाली आलेला आठवतो.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
फोटो दमट हवेने खाल्ला,
आवाज तर आठवतच नाही.
आणि या बाई सांगतात, ते स्नायूत असतं,
मेंदूतही, मुटकुळं करून, जन्मभर.
औषधाने जात नाही.

घाबरायला हवं होतं.
मी विचारलं, म्हणजे माझ्याबरोबरच जाणार?
त्या हसल्या. मटण नीट शिजवा म्हणाल्या,
आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

सासू तिसऱ्या फोडत बसली होती.
"मांजराचं नव्हतं," मी म्हटलं.
विळी थांबली नाही.
"मगे कशाचां?"
"कळत नाही म्हणाल्या."

उन्हं उतरल्यावर तरीवर गेले.
बाबल्या म्हणाला, "बर्फाच्या कारखान्याकडे असता ती.
पोटुशी दिसता."
ओहोटी होती, होडी चिखलात टेकलेली.
पदराआडचा बांगडा त्याच्या हातात दिला,
कागदात गुंडाळलेला,
नीट शिजवलेला.